ओट्यावरची मुलं

ऊर्वी बाविसाव्या दिवशी निळी पडली तेव्हा सानिका तिच्याकडेच बघत होती. बघत असूनही तिच्या लक्षात आलं नाही, हेच तिला पुढे कित्येक महिने खुपत राहिलं. दुपारचे चार वाजले होते, पोर दूध पिऊन मांडीवर पडली होती, आणि सानिकाला वाटलं, झोपली. पायातला वाळा किंचाळायला लागला तेव्हा कुठे तिने ओठांचा रंग पाहिला. तळपायावर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, देवाचं नाव घेतलं की शिवी दिली ते तिला आठवत नाही, आणि पोरीने एकदम श्वास ओढून टाहो फोडला. सगळं मिळून चाळीस सेकंद.

त्यानंतर तब्बल अर्ध्या तासाने फोनवर संदेश आला : 'बाळाच्या श्वासाची लय बिघडण्याची शक्यता आहे. कृपया लक्ष द्या.'

"वा!" तिचा नवरा रेवण म्हणाला. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि घाबरला की विनोद करायचा. "वादळ येऊन गेल्यावर हवामान खात्याचा इशारा."

सानिकाला हसू आलं नाही. कारण तो संदेश पाठवणारी यंत्रणा ज्या इमारतीत होती, तिथेच ती नोकरीला होती.

वाळा म्हणजे चांदीचा वाळा नव्हे. राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या घोट्याला वर्षभर बांधायची ती मऊ रबरी पट्टी होती. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण बाया वाळा म्हणू लागल्या आणि मग परिपत्रकांतही तेच आलं. वाळा दोन कामं करायचा. श्वास थांबला की तो स्वतःच वाजायचा. तेवढी अक्कल त्याच्यात होती. दुसरं काम मोठं होतं. बाळाचा श्वास, नाडी, रक्तातला प्राणवायू यांची मिनिटामिनिटाची नोंद तो 'पाळणा' नावाच्या यंत्रणेकडे पाठवायचा. प्रत्येक बाळाच्या श्वासाची स्वतःची एक चाल असते, जशी प्रत्येकाची सही वेगळी. आजचा श्वास त्याच बाळाच्या मागच्या काही आठवड्यांच्या श्वासाशी ताडून पाहिला, तर जंतुसंसर्गासारखी गोष्ट ताप यायच्या आधी चार-सहा तास कळू शकते.

अडचण फक्त ताडून पाहण्याच्या वेगाची होती. चौदा लाख बाळांच्या नोंदी एका यंत्रात मावत नाहीत. त्यांचे तुकडे करून तीन शहरांतल्या दोनशे यंत्रांवर पसरवलेले होते, प्रत्येक तुकडा तीन ठिकाणी, म्हणजे एखादं यंत्र मेलं तरी नोंद जाणार नाही. अशा जथ्थ्याला क्लस्टर म्हणतात. नोंदी हार्ड डिस्कवर, म्हणजे गरगर फिरणाऱ्या तबकड्यांवर. एक तुकडा वाचायचा तर वाचणारा दांडा योग्य जागी सरकायला हवा, तबकडी फिरून तो भाग दांड्याखाली यायला हवा. एका तुकड्याला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. पण चौदा लाख बाळं, प्रत्येकाचे शेकडो तुकडे. एका बाळाची पाळी आली की पुन्हा यायला चाळीस मिनिटं लागायची. ऊर्वीचा इशारा त्या चाळीस मिनिटांत अडकला होता.

रजा संपवून कामावर आल्याच्या पहिल्या आठवड्यात सानिकाने प्रस्ताव लिहायला घेतला. क्लस्टरच्या पुढ्यात एसएसडी बसवायचे. त्यांच्यात काहीच फिरत नाही, सरकत नाही. मागितलं की हातात. ओट्यावरच्या नोंदीची पाळी चार सेकंदांत येणार होती.

'ओट्यावरची' हा तिचाच शब्द. साहेबलोकांना समजावताना तिने फळ्यावर स्वयंपाकघर काढलं होतं. "तिखट-मीठ आपण ओट्यावर ठेवतो, आणि दिवाळीची भांडी माळ्यावर. एसएसडी म्हणजे ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा."

"पण ओटा लहान असतो," तिचे वरिष्ठ नदाफ सर म्हणाले. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती आणि क्लस्टर त्यांनी पहिल्या यंत्रापासून उभा केला होता. "किती पोरं मावतील?"

"ऐंशी हजार." चिपांचा जगभर तुटवडा होता, त्याहून जास्त एसएसडी मिळत नव्हते.

"आणि ती ऐंशी हजार कोण निवडणार? तू?"

"कुणीच नाही, सर. ज्या बाळाची नोंद जास्त वेळा उघडली जाते, तासात सहापेक्षा जास्त, ती आपोआप ओट्यावर येईल. आजारी बाळाची नोंद डॉक्टर बघतात, नर्स बघतात, आई-बाप बघतात. बरं झालं की कुणी बघत नाही, मग ती आपोआप माळ्यावर जाईल. शिवाय ओट्याने भार उचलला की माळ्यावरच्यांची पाळीही चाळीसऐवजी पंचवीस मिनिटांत येईल."

नदाफ सरांनी थोडा वेळ फळ्याकडे पाहिलं. "झकास," ते म्हणाले. "कुणी चिठ्ठी घेऊन माझ्याकडं येणार नाही, हे त्यातलं सगळ्यात झकास."

एसएसडी बसले. तीन आठवडे सगळं तिने फळ्यावर काढलं होतं तसंच चाललं. राज्यभरातून पत्रं आली. कुठेतरी एका बाळाचा न्यूमोनिया पाच तास आधी कळला, त्याच्या आजोबांनी पाळण्याच्या केंद्रात पेढे पाठवले.

त्या तीन आठवड्यांत ऊर्वी माळ्यावर होती. ती धडधाकट होती, वजन वाढत होतं, बालरोगतज्ज्ञांनी "आता विसरा ते" असं सांगितलं होतं. विसरा म्हणणं सोपं होतं. सानिका कामावरून फोनवर पाळण्याचं पान उघडायची. 'शेवटची तपासणी : २३ मिनिटांपूर्वी.' तेवीस मिनिटं. चाळीस सेकंद. तिच्या डोक्यात ते दोन आकडे एकमेकांवर आपटत राहायचे. सासूबाई घरी होत्या, पोर त्यांच्या मांडीवर खेळत होती, वाळा जाग्यावर होता. तरी ती पान उघडायची.

आणि एकदा 'शेवटची तपासणी : ४ सेकंदांपूर्वी' असं आलं.

का आलं ते तिला लगेच कळलं. नियम तिनेच लिहिला होता. त्या तासात तिने पान सात वेळा उघडलं होतं.

त्या शनिवारी तिने जुना फोन काढला, दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि तो फोन फ्रिजवर चार्जिंगला लावून ठेवला. दर नऊ मिनिटांनी तो ऊर्वीचं पान उघडायचा. बस. त्यात चोरी काय होती? पान उघडायचा हक्क प्रत्येक आईला होता. ऐंशी हजारांत एक पोर जास्त. ती स्वतःशी असं म्हणाली, आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा निवांत जेवली.

"हा फोन का इथे?" रेवणने विचारलं.

"राहू दे. काम चाललंय त्याच्यावर."

ती सोसायटीच्या बागेत संध्याकाळी पोरीला घेऊन बसायची. तिथे आणखी चार-पाच बाळांच्या आया असत. त्यांत केतकी होती. तिचा मुलगा सातव्या महिन्यात जन्मलेला, मूठभर. एकदा केतकीने सहज सानिकाच्या फोनमध्ये डोकावलं.

"चार सेकंद? अगं, माझ्याकडे बघ, सव्वीस मिनिटं! आपण एकाच बिल्डिंगमध्ये राहतो की वेगळ्या देशात?"

"आजारी असली की वर जाते नोंद," सानिका म्हणाली.

"ऊर्वी? आजारी? ही बघ, माझी ओढणी खातेय." केतकी हसली आणि मग हसायची थांबली. "सानिका, तू तिथेच काम करतेस ना गं? सांग ना. माझा हा बघ केवढासा आहे."

सांगण्यासारखं काही नाही, असं म्हणता आलं असतं. पण मूठभर पोरगं समोर होतं, आणि आपल्या पोरीसाठी केलं ते त्याला नाकारायचं कुठल्या तोंडाने? सानिकाने तिला तो प्रोग्रॅम पाठवला.

"कुणाला देऊ नकोस हं."

"वेडी आहेस का!" केतकी म्हणाली. तिने तो फक्त आपल्या बहिणीला पुण्याला पाठवला. बहिणीचा नवरा सॉफ्टवेअरमधला.

महिनाभरात 'जागती आई' नावाचं अॅप आलं. चिमुकलं, फुकट, गुलाबी रंगाचं. 'तुम्ही झोपा, आम्ही बघतो.' दोन महिन्यांत ते तीन लाख फोनांवर गेलं.

तीन लाख बाळं आणि ऐंशी हजारांचा ओटा. एक नोंद वर आली की दुसरी खाली ढकलली जायची. ढकललेली नऊ मिनिटांनी पुन्हा वर यायची. वर-खाली करण्याचं हे काम माळ्याच्याच तबकड्यांना करावं लागायचं. ओटा लावता लावता माळ्यावर चढायची शिडीच अडून गेली. पण केंद्रातल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सरासरी वेळ दिसायचा, आणि तो दिवसेंदिवस सुधारत होता. कारण सरासरी काढताना प्रत्येक उघडलेलं पान मोजलं जायचं, आणि अॅप एवढी पानं उघडत होतं, त्यातली बहुतेक ओट्यावरून चार सेकंदांत मिळत होती, की माळ्यावरच्या बाळांच्या पाळ्या त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

"सहा सेकंद सरासरी!" नदाफ सर सानिकाला म्हणाले. "बिराजदारबाई, तुमचा ओटा राज्यात गाजतोय की."

सानिका हसली. फक्त माळ्याचा आलेख वेगळा काढायचा असेल तर कुठे बोट ठेवायचं हे तिला माहीत होतं. तिने तिथे बोट ठेवलं नाही. 'जागती आई'ची जाहिरात तिने पाहिली होती, नऊ मिनिटांचा आकडा तिने ओळखला होता. उद्या बघू, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. एकदा तर तिने आलेख उघडायला घेतला, आणि 'पान येत आहे' एवढं दिसताच घाईघाईने बंद केला.

मंगळवेढा तालुक्यातल्या मेटकरवस्तीवरचा समर्थ हा एक्केचाळीस दिवसांचा मुलगा. त्याच्या श्वासाची चाल एका सोमवारी सकाळी साडेसातला बिघडायला लागली. श्वास थांबला नव्हता, म्हणून वाळा स्वतः वाजला नाही. पाळण्याचा इशारा आरोग्य उपकेंद्रात पोचला दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी. जवळजवळ पाच तासांनी. तोवर पोराला झटके येऊन गेले होते. गाडी आली, रुग्णालयात नेलं, जीव वाचला. मेंदूला किती इजा झाली, हे डॉक्टर सांगेनात. पोरगं मान धरेल का, बसेल का, बोलेल का, ते ज्या त्या वेळीच कळणार होतं.

एसएसडी बसवण्याआधीच्या, जुन्या, संथ क्लस्टरने तो इशारा जास्तीत जास्त चाळीस मिनिटांत दिला असता.

चौकशी नदाफ सरांकडे आली, आणि त्यांनी सानिकाला शेजारी बसवून घेतलं. त्यांनी माळ्याचा आलेख उघडला.

"पाच पाच तास," ते म्हणाले. "अगं, आपण काय पाट्या टाकत होतो काय इथं बसून?"

मग त्यांनी उघडलेल्या पानांची यादी काढली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे बघ. नऊ मिनिटं, नऊ मिनिटं, नऊ मिनिटं. आई असं बघत नाही. माझ्या बायकोनं तिन्ही पोरं वाढवली. आई मध्येच चारदा बघती, मध्येच डोळा लागतो, मग दचकून उठून आणखी दहादा बघती. हे यंत्र बघतंय." ते पडद्याकडे वळले. "पहिल्यांदा कुठल्या नोंदीवर सुरू झालं ते काढू. तिथनं धागा लागंल."

पडद्यावर एक चौदा आकडी क्रमांक आला. क्लस्टरमध्ये बाळांना नावं नसतात. पण तो क्रमांक सानिकाला स्वतःच्या फोन नंबरापेक्षा जास्त पाठ होता.

"कुणाचं आहे कुणास ठाऊक," नदाफ सर म्हणाले. "नाव काढायला मुंबईची परवानगी लागंल."

"एखादं अॅप असेल, सर," सानिका म्हणाली. तिला तिचाच आवाज दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"असंल. तू रुग्णालयात जाऊन ये. वाळ्याच्या स्वतःच्या मेमरीत नोंद राहिली असेल, ती उतरवून आण."

नवजात विभागाबाहेरच्या बाकड्यावर समर्थची आई, रेश्मा, बसलेली होती. वीस-एकवीस वर्षांची, डोक्यावरून पदर, पायात प्लास्टिकच्या चपला. शेजारी उपकेंद्राच्या घुले सिस्टर होत्या. त्याच तिला घेऊन आल्या होत्या. सानिकाने आपण कुठून आलो ते सांगितलं, तशी रेश्मा उठून उभी राहिली.

"बसा ना."

"न्हाई, असू द्या." ती उभीच राहिली. "ताई, एक इचारू?"

"विचारा."

"सिस्टर म्हणल्या, शेरातल्या आया मोबाईलवर सारकं बगत असत्यात, म्हून त्यांची पोरं वर ऱ्हात्यात. आमच्यात एकच मोबाईल. त्यो ह्यांच्यासंगं मेंढरांमागं जातो. मी बगितलं न्हाई म्हून झालं का वो हे?"

सानिकाच्या हातात वाळ्याची केबल होती. तिने ती गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली.

"नाही. तुमच्यामुळे नाही."

"नक्की?"

"नक्की. यंत्रात... यंत्रावर ताण आला होता."

रेश्माने डोळ्यांना पदर लावला. "लई उपकार झाले बगा," ती म्हणाली. "चार दिस झालं, जेवान जाईना. वाटायचं, माझ्याच हातनं झालं."

तिने वाकून सानिकाच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला. सानिका एवढ्या झटक्याने मागे सरकली की घुले सिस्टर बघत राहिल्या.

घरी आल्यावर तिने फ्रिजवरचा फोन काढून हातात घेतला आणि स्वयंपाकघरातच खाली बसली. रेवण भाकरीचं पीठ मळत होता. सासूबाई ऊर्वीला घेऊन देवळात गेल्या होत्या. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याचे हात परातीत थांबले.

"हे नदाफांना माहितेय?"

"नाही."

"मग?" तो हळू आवाजात म्हणाला. "तीन लाख लोकांनी केलं ते. अॅप तू बनवलंस? नाही ना. तू एकटी का जीव काढतेस? ज्याने पसरवलं त्याला विचारू देत."

"पहिली नोंद आपली आहे, रेवण."

"आई आहेस. कुठली आई करणार नाही?"

"ती एक," सानिका म्हणाली. "तिच्याकडे फोन नव्हता. माझ्यामुळे तिचं पोरगं खाली राहिलं, आणि ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला सांगितलं, यंत्रावर ताण आला. असं सांगितलं जसं काही ते यंत्र आपल्या मनानेच दमलं होतं."

रेवणने हात धुतले. तो तिच्या शेजारी येऊन बसला, आणि या वेळी त्याला एकही विनोद सुचला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ऊर्वी खाली जाईल मग?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. पण त्याने फ्रिजवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि सानिकाला कळलं की इतके दिवस तोही त्या चार सेकंदांवर टेकून झोपत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नदाफ सरांच्या टेबलावर जुना फोन ठेवला.

"हा काय?"

"त्या यादीतला पहिला क्रमांक. परवानगी मागवायला नको. माझ्या मुलीचा आहे."

त्यांनी फोनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ओरडतील असं तिला वाटत होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"नियम लिहितानाच माहीत होतं तुला? की असं करता येतंय?"

"नाही. नंतर कळलं. पण आलेख बघायचा असतो हे माहीत होतं. बघितला नाही."

"मी तरी कुठं बघितला," ते म्हणाले. "पेढे खाल्ले." त्यांनी फोन उलटा करून ठेवला. "अहवाल तू लिही. आणि हे पहिल्या पानावर लिही, सानिका. शेवटच्या पानापर्यंत कुणी पोचत नाही, आणि तुला ते ठाऊक आहे."

तिने पहिल्या पानावर लिहिलं. मग त्या दोघांनी मिळून नियम बदलला. पान कितीदा उघडलं हे आता मोजलं जाणार नव्हतं. बाळाचं वय, जन्माच्या वेळचं वजन, घरापासून रुग्णालय किती लांब, आणि मुख्य म्हणजे श्वासाची चाल किंचितही हलली का, यावर ओटा ठरणार होता. चाल हलली का हे ओझरतं कळावं म्हणून प्रत्येक बाळाच्या नोंदीचा छोटासा सारांश कायमचा ओट्यावर ठेवला. सारांशाला जागा थोडी लागते, चौदा लाख मावतात. हे आधीही सुचू शकलं असतं. खरं म्हणजे सुचलंही होतं, पण तेव्हा सानिकाला घाई होती. ऊर्वी तीन महिन्यांची होती.

नियम लागू झाला त्या दुपारी सोसायटीच्या आयांचा ग्रुप पेटला. '४ सेकंद गायब! काय झालं?' 'आमचं ३१ मिनिटं दाखवतंय!!' सानिकाने तिथेही लिहिलं, सगळं, समर्थसकट. मग एकीने लिहिलं : 'स्वतःच्या मुलीला इतके महिने वापरून घेतलं, आता ती मोठी झाली म्हणून आम्हाला शहाणपण?' खाली सात अंगठे. ते निम्मं खरं होतं. दुसऱ्या दिवशी केतकी जिन्यात भेटली तेव्हा ती मुलाला छातीशी घट्ट धरून भिंतीला लागून खाली उतरली. पण नव्या नियमाने तिचा मुलगा, वजन कमी म्हणून, ओट्यावरच होता. हे सानिकाने तिला सांगितलं नाही.

वरच्यांनी अहवाल वाचला. सानिकाचे क्लस्टरवरचे अधिकार काढून घेतले, बाकी चौकशी चालू राहिली. ती रोज कामावर जायची आणि जुने आलेख तपासायची. माळ्यावरचे, एकेक तालुक्याचे. त्या दोन महिन्यांत आणखी किती इशारे उशिरा गेले, ते मोजायचं काम तिने मागून घेतलं होतं. बहुतेक बाळांना काही झालं नव्हतं. बहुतेकांना.

पण रेश्माला सांगायचं राहिलं होतं. अहवाल रेश्मा वाचणार नव्हती.

समर्थला घरी सोडल्यावर पंधरा दिवसांनी, एका रविवारी सकाळी, सानिका एसटीने मंगळवेढ्याला उतरली आणि तिथून घुले सिस्टरांच्या स्कूटरवर मेटकरवस्तीवर गेली. सिस्टर बांधापाशीच थांबल्या. "तुम्ही बोला," त्या म्हणाल्या. त्यांनी अहवाल वाचला होता.

दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, पुढे लिंबाची सावली. रेश्मा पोरगं मांडीवर घेऊन बसली होती. समर्थ डोळे उघडे ठेवून वर फांद्यांकडे बघत होता. फांद्यांकडे की कुठेच नाही, ते कळत नव्हतं.

"या की ताई! एवढ्या लांब!"

सानिका जमिनीवरच बसली. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती. ती सगळी मोठमोठी होती. ती बाजूला ठेवून तिने सरळ सांगितलं. माझी मुलगी आहे. मी कामावरच्या माहितीचा फायदा घेतला. फोनला बघायला लावलं. दुसरीला सांगितलं, तिथून ते पसरलं. म्हणून तुमच्या बाळाची पाळी यायला पाच तास लागले. त्या दिवशी रुग्णालयात मला हे माहीत होतं, आणि मी ते सांगितलं नाही.

रेश्मा ऐकत होती. मध्ये एकदा तिने समर्थच्या तोंडावरची माशी हाकलली.

"तुमची पोरगी आजारी हुती?"

"आधी होती. तेव्हा नव्हती. चांगली होती."

"मग कशापायी बगत हुता?"

"भीती वाटायची."

रेश्माने मान हलवली, जणू हे तिला समजण्यासारखं होतं. मग ती बोलली तेव्हा तिचा आवाज वर चढला नाही, उलट बसला.

"भ्या मलाबी वाटलं हुतं. त्या दिशी सकाळी, आठ वाजता. पोरगं दूध वढतच न्हवतं, हातपाय सैल टाकल्यालं. सासूला म्हणलं, ह्याला दवाखान्यात न्यूया. सासू म्हणली, वाळा वाजला का? न्हाई वाजला. सिस्टरला सांगावा धाडला. सिस्टर बगून म्हणल्या, इशारा काय आला न्हाई, काळजी करू नगंस." तिने पोराच्या पायाकडे पाहिलं. "मला दिसत हुतं, ताई. पर वाळा गप हुता, म्हून मी गप बसले."

बांधापाशी घुले सिस्टर पाठ करून उभ्या होत्या.

सानिकाला हे माहीत नव्हतं. हे कुठल्याच आलेखात नव्हतं. आपण फक्त इशारा उशिरा पोचवला, असं तिला आजवर वाटत होतं. आठ वाजता या बाईने ओळखलं होतं, आणि वाळ्याच्या मुकेपणाने तिला खोटं पाडलं होतं.

"आता दर चार सेकंदांनी बघतं ते," ती कशीबशी म्हणाली. "तुमचं बाळ सगळ्यात वर आहे. पण तुम्हाला काही वेगळं वाटलं ना, तर वाळ्याला विचारू नका. कुणालाच विचारू नका. लगेच घेऊन या."

"ते आता सांगताय व्हय," रेश्मा म्हणाली.

ती उठली. समर्थला खांद्यावर टाकून आत गेली, आणि सानिकाला वाटलं, झालं, आता ती बाहेर येणार नाही. पण ती आली. हातात पाण्याचा तांब्या होता. उन्हातून आलेल्या माणसाला पाण्याशिवाय पाठवायची तिच्या घरात रीत नव्हती. तिने तो सानिकाच्या हातात दिला नाही. दोन पावलं अलीकडे जमिनीवर ठेवला आणि पोराला घेऊन दारात, तिच्याकडे पाठ करून, उभी राहिली.

सानिकाने पुढे सरकून तांब्या उचलला, आणि त्यातलं सगळं पाणी प्यायली.